किटमध्ये काही दिसत नाही

नशामुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून बसलं, की किस्से न मागता जमा होतात. घरी सांगावेत तर जेवण कडू होतं, म्हणून इथे सांगते. रायपूरच्या आमच्या केंद्रात रविवारी ग्रुप बसतो, त्यातले अर्धे 'पुडी'वाले. पुडी म्हणजे नकली गांजा, कसल्याशा पाल्यावर केमिकल फवारलेला. लघवीतला गांजा पकडणाऱ्या साध्या किटमध्ये तो दिसतच नाही. माझा सगळा संताप तिथेच आहे!

*

प्रशांत पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात सेल्समन. पहिल्यांदाच दोन झुरके मारून कामावर आला. एका ताईंना ब्लाऊजपीस हवा होता. यानं ठाण उलगडायला घेतलं, तो उलगडतच राहिला! छाती धडधडतेय, हात थांबेना.

"मॅडम, मले वाटलं मी मेलो, अन् मेल्यावरही कापडच दाखवून राहिलो!"

दुकानातल्यांनी दवाखान्यात नेलं. लघवी तपासली. डॉक्टर म्हणाले, "निगेटिव्ह है. गैस होगी."

गॅस! पुढचे तीन दिवस हा माणूस जिना उतरायला घाबरत होता.

*

सुनील शहराबाहेर सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्रेन चालवतो. त्याच्या आईला कपाटात चकचकीत पाकीट सापडलं. वर छापलेलं, 'हर्बल धूप'. रविवारची वंदना होती. माउलीनं बुद्धमूर्तीपुढे चिमूटभर जाळलं आणि थोड्या वेळात भोवळ येऊन खाली बसली.

सुनील धावत आला, पाकीट पाहून रडायलाच लागला. "आई, तो धूप नाही वं!"

"मंग त्याच्यावर खोटं काहून लिवलं?"

विकणाऱ्या हरामखोरानं पाकिटावर स्वतःचं नाव थोडंच छापलंय!

*

दुसऱ्याच दिवशी सुनील आमच्याकडे आला. आधी तो साधा गांजा ओढायचा. कारखान्याच्या गेटवर रोज टेस्ट सुरू झाली, म्हणून पुडीवर आला. आता वर केबिनमध्ये त्याला एका हुकाचे दोन हूक दिसायचे.

"मॅडम, नोकरीचं जाऊ द्या. खाली माणसं काम करून राहिले ना!"

तीन आठवडे भरती व्हायचं, तर रजा हवी. मी चिठ्ठी दिली, ती नामंजूर. फोन केला तर तिथल्या मॅनेजरचं उत्तर, "मैडम, हमारे यहाँ नशा है ही नहीं. सब निगेटिव्ह हैं."

मी रिसीव्हर असा आपटला की शेजारच्या खोलीतले पेशंट उठून बघायला आले.

*

शेवटी सुनील रजेचा अर्ज घेऊन स्वतःच गेटवर उभा राहिला. शिफ्टच्या साहेबांना सरळ म्हणाला, "साहब, मैं पुड़ी पीता हूँ. कल भी पी. हाथ काँप रहे हैं, आज मुझे क्रेन पर मत चढ़ाओ."

साहेबांनी किट पाहिलं. "निगेटिव्ह है. नाटक मत करो. ऊपर जाओ."

"हव साहब, चढ़ता हूँ," सुनील म्हणाला. "बस, आज हुक के नीचे आप खड़े रहना."

साहेबांनी त्याच्या हातातला रजेचा अर्ज घेतला आणि खिशातून पेन काढलं.