खुणेचं बोट

नवागामच्या त्या गल्लीत दोन जावांच्या खोल्यांमध्ये नुसता पत्रा होता. पलीकडे मोठी जाऊ काशीबाई खोकली तरी अलीकडे वत्सलाच्या कपाळावर आठी पडायची.

गेल्या कार्तिकात वत्सलाने शिरपूरकडच्या माहेराहून उघड्या मानेच्या कोंबड्यांची अंडी कोंड्यात घालून आणली. आई गेल्यावर तिकडे ती जात पाळणारं कोणी उरलं नव्हतं. पण अंड्यांवर बसायला खुडूक कोंबडी होती ती काशीबाईकडे.

"देते की. वाट्याने. निम्मी पिल्लं माझी."

वत्सलाने दात आवळून मान हलवली.

आठ पिल्लं जगली. शेजाऱ्यांच्या पिल्लांत मिसळू नयेत म्हणून आईच्या रीतीने तिने पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या डाव्या पायाच्या एका बोटाचं टोक छाटलं, वर हळद दाबली. आठांत नर एकच. तो गेला की जात संपली.

वाटे एकीने पाडायचे, दुसरीने उचलायचे. फाल्गुनात वत्सलाने एका टोपलीत चार भरलेल्या तलंगा, तरण्या कोंबड्या, ठेवल्या, दुसरीत तो नर आणि तीन रोडावलेल्या. काशीबाईने टोपल्या पाहिल्याच नाहीत. तिने वत्सलाचं तोंड पाहिलं.

"मला ही नराची."

"बाई, त्या चार बघा ना, किती अंगाने भरल्यात!"

"तू एवढं सांगतेस म्हणूनच. हाऊ कोंबडा मना शे, माझा. आखाडात मरीआईला नवस बोललेय मी. तोवर तुझ्याकडेच खाऊ दे."

देवीला अंग धड असलेला कोंबडा लागतो, हे वत्सलाला ठाऊक होतं. पण बोलले तर ही आजच सुरी काढेल. देवीच्या दारातून परत आला तर कदाचित देऊन टाकेल. बोटाचं नाव न काढता तिने नर आपल्या तलंगांत सोडला. रोज दिवा लावताना मात्र तिची नजर मरीआईच्या तसबिरीवर ठरत नसे.

आखाडापर्यंत काशीबाईने मूठभर कणी टाकली नाही. मग पाय कुठून बघणार? मंगळवारी देवळात भगताने कोंबडा उचलला, पाय उलटा केला आणि मान हलवली. "बोट तुटलंय. दुसरा आणा."

काशीबाई कोंबडा उलटा धरूनच दारात आली.

"तुला ठाऊक होतं."

"होतं."

"चारचौघांत, देवीसमोर तोंडघशी पाडलंस मला!"

"माझं तोंड बघून उचललात, बाई. पाय बघायचा होतात. द्या तो इकडे."

"देवीला चालत नाही ना? मला चालतो."

संध्याकाळी पत्र्यावर थाप पडली. दाराशी वाटी ठेवलेली, तीत रस्सा, वर मुद्दाम ठेवलेला डावा पंजा. वत्सलाचा नवरा निंबा नुकताच कारखान्यातून आला होता.

"वास झकास सुटलाय!"

"खा. तुमच्या वहिनीने माझ्यासाठी पाठवलाय."

ती खाटेखाली वाकली. तिच्या वाट्याच्या चार तलंगांतली एक तीन आठवड्यांपासून तिथे अंड्यांवर बसली होती. अंडी त्याच नराच्या बीजाची, आणि यात कोणाचा वाटा नव्हता. दोन दिवसांनी सहा पिल्लं निघाली. चारांच्या माना उघड्या.

वत्सलाने कात्री उकळत ठेवली, हळद काढली, दिवा लावला आणि या वेळी तसबिरीकडे नीट पाहिलं. "मागच्या वेळी लपवलं, माय. आता सांगून करते."

मग तिने पत्र्यावर मूठ आपटली.

"बाई! ऐकताय ना? सहाच्या सहा पिल्लांची बोटं छाटतेय मी!"