थाळीची साक्ष

देशाची अर्थव्यवस्था खुली झाली, परदेशी शीतपेये बिबवेवाडीच्या कोपऱ्यावरही मिळू लागली, तरी माझ्या मित्राचे प्रकरण काही खुले होईना. ते एका कचेरीत एका फायलीत, आणि ती फाईल एका पंख्याखाली पडून होती. मी त्या कचेरीला पत्रे लिहीत होतो. विषय: सरहद्द कॅम्पातील सैनिकास सन्मानवेतन मिळणेबाबत. संदर्भ: आपले न आलेले उत्तर.

हकिगत थोडक्यात मांडतो. देश स्वतंत्र झाल्यावरही निजामाचे संस्थान वेगळेच राहिले होते, आणि त्याच्या सरहद्दीवर आमच्यासारख्या पोरसवदा तरुणांचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले होते. 'सशस्त्र' हा शब्द मी कायद्याच्या अर्थाने वापरतो. बंदुका होत्या, त्यांतल्या काही उडतही असत. पलीकडून रझाकार चालून येतील ही धास्ती मात्र खरी होती. इशारा देण्यासाठी कॅम्पाने मोठ्या खटपटीने एक बिगूल मिळवला. तो आला, पण त्याची तोंडात धरायची बाजू आलीच नाही. तेव्हा इशाऱ्याचे काम आचाऱ्याकडे गेले, कारण पितळी थाळी त्याच्याकडे होती आणि पहाटे सर्वांआधी जागा तोच असे. थाळी घाईघाईने वाजली की असेल तिथे जमिनीवर आडवे व्हायचे. संथ तीन ठोके पडले की उठायचे. धोका टळला आहे आणि भाकरी तयार आहे. ही कवायत त्याने आमच्याकडून इतकी करून घेतली की पुढे लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून ताट पडले तरी माझे गुडघे आपोआप वाकत.

तो आचारी म्हणजे माझा मित्र. पुढे तो कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवू लागला आणि त्या ठोकाठोकीत त्याचा एक कान गेला. उरलेल्या कानाने तो दरवर्षी ध्वजवंदनाच्या कार्यक्रमात आमच्या कॅप्टनचे भाषण ऐकत असे. कॅप्टन पहिल्या रांगेत, शाल पांघरून. माझा मित्र मागे, जिलबीच्या टोपलीपाशी.

"मला शाल नको," तो मला म्हणाला. "उन्हाळ्यात नुसती टोचते. पैसे नकोत असं म्हणणार नाही, दिले तर घेईन. पण नात विचारते, आजोबा, तुम्ही खरंच तिथं होता का? मी मरायच्या आत सरकारनं एवढं लिहून द्यावं, की हा होता."

नियम असा की कॅम्पातल्या दोघांनी साक्ष द्यावी, आणि त्यांतला एक कॅम्पप्रमुख असावा. एक साक्षीदार मी. दुसरे अर्थातच कॅप्टन. त्यांनी कचेरीस कळवले की, अर्जदारास मी ओळखत नाही.

ह्या वाक्याचा मला आजही संताप येतो. ओळखत नाही! ज्याच्या हातचे सकाळसंध्याकाळ जेवलात, त्याला ओळखत नाही? खरे कारण मला ठाऊक होते. एकदा तव्यावरून उडालेल्या गांधीलमाशीने हाताला डंख मारला, तेव्हा आमच्या आचाऱ्याने तिला हाणायला थाळी आपटली. एकदा नव्हे, घाईघाईने अनेकदा. कॅप्टन त्या वेळी बाभळीशेजारी उभे राहून आम्हाला धैर्य ह्या विषयावर बोलत होते. ते बाभळीत आडवे झाले. काटे काढायला संध्याकाळ झाली, आणि काढले ते आचाऱ्यानेच, चिमट्याने, सर्वांदेखत.

मी सुनावणीची मागणी केली. एकाही पत्राचे उत्तर न देणाऱ्या त्या कचेरीने ती मान्य केली, बहुधा माझी पत्रे थांबावीत म्हणून.

सुनावणी संगणकाच्या खोलीत ठेवली होती, कारण तेवढी एकच खोली थंड होती. दाराशी वहाणा काढायला सांगितल्या. मी विचारले, "ह्यास आधार काय?" शिपाई म्हणाला, "धूळ." देवळात काढतो त्या वहाणा मी त्या यंत्रापुढे निषेध नोंदवून काढल्या. आत सतरंजी अंथरलेली होती. अध्यक्षस्थानी अधिकारी एक तरुण बाई होत्या, अतिशय सभ्य. शेजारी संगणकावर बोटे ठेवून एक मुलगी बसली होती. बोलले गेलेले सर्व ती थेट टंकित करणार होती.

"कॅप्टनसाहेब, आपण ह्यांना ओळखता?" बाईंनी विचारले.

"कॅम्पात शेकडो माणसं येत-जात," कॅप्टन छताकडे पाहत म्हणाले. "लढणाऱ्यांना मी ओळखतो."

"मग जेवण कोण करायचं? आभाळातून पडायचं?" माझा मित्र म्हणाला.

"ह्यांना म्हणावं, अध्यक्षांकडे पाहून बोला," कॅप्टन बाईंना म्हणाले.

"अध्यक्षांनी माझं पिठलं खाल्लेलं नाही. तुम्ही खाल्लंय. वर परत मागून."

मी उभा राहिलो. मी नियमावली सोबत नेली होती आणि 'कॅम्पातील सेवा' ह्या संज्ञेत पाकसेवेचा समावेश कसा होतो, ह्याचे विवेचन सुरू केले. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. माझ्या मित्राने उठून ट्रेमधले कप एकेक करून नीट टेबलावर ठेवले. बाईंच्या कपाखाली बशी सरकवली. मग रिकामा स्टीलचा ट्रे डाव्या हातात उभा धरला, टेबलावरचा कचेरीचा शिक्का उचलला आणि त्याच्या लाकडी मुठीने ट्रेवर घाईघाईने ठोके दिले.

माझ्या युक्तिवादाचे पुढचे वाक्य मी टेबलाखालून पूर्ण केले. मी तिथे कसा पोचलो हे मला सांगता येणार नाही. शेजारी कॅप्टन होते, पोटावर, दोन्ही हातांनी डोके झाकून, गाल सतरंजीला लावून, अगदी शिकवल्याप्रमाणे. भूकंप झाला असे वाटून बाई दाराच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या. त्या मुलीने मात्र आधी संगणकावर प्लास्टिकचे आच्छादन घातले आणि मग किंकाळी फोडली.

कुणी हलेना. मी हललो नाही, कारण संथ ठोके पडलेले नव्हते.

शेवटी सतरंजीवरून कॅप्टनांचा आवाज आला, दबका आणि चिडलेला. "अरे ए आचाऱ्या, दुसरी वाजव की! गुडघे गेले माझे!"

माझ्या मित्राने कानामागे हात धरला. "काय म्हणालात, साहेब? मला एका कानानं ऐकू येत नाही."

"दुसरी थाळी वाजव!"

"कुणाला सांगताय?"

"तुला, तुला! कॅम्पात तुझ्याशिवाय थाळी होती कुणाकडं?"

तेव्हा त्याने संथ तीन ठोके दिले. आम्ही उठलो. कॅप्टनना त्यानेच बगलेत हात घालून उठवले आणि त्यांच्या कोटावरची सतरंजीची लव झटकली. मी टेबलाखालून बाहेर येतानाच मागणी केली की, झालेला सर्व प्रकार इतिवृत्तात जसाच्या तसा घ्यावा. त्या मुलीने आच्छादन काढले. बाईंनी तोंडावरचे हसू पदराआड सारून सांगायला सुरुवात केली: अर्जदाराने ट्रे वाजवला. उभय साक्षीदार तत्काळ जमिनीवर आडवे झाले.

"आता ओळखता ना, साहेब?" त्यांनी विचारले.

"ओळखतो," कॅप्टन गुडघा चोळत म्हणाले. "पिठल्यात मीठ जास्त घालायचा."

"हे मीठही लिहायचं का, मॅडम?" मुलीने विचारले.

मी हरकत घेतली. मीठ प्रकरणाशी सर्वस्वी असंबद्ध होते. शिवाय, मी त्या पिठल्याचा साक्षीदार आहे, ते खोटे होते. पण माझ्या मित्राने माझा हात धरून मला खाली बसवले.

"लिहा हो, ताई," तो म्हणाला. "ठळक लिहा. मीठ जास्त घालायला माणूस तिथं असावा लागतो."