आमच्या सासऱ्यांचं अडलेलं वचन

बायबल वाचणारी माणसं या जगात कोट्यवधी असतील, पण रोजच्या वाचनानं अख्ख्या घराला कायम धास्तीत ठेवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. मी नगरची. माझ्या माहेरी रोज संध्याकाळी एक अध्याय वाचायचा, प्रार्थना करायची आणि ताटं घ्यायची असा शिरस्ता. वडील इतक्या भरभर वाचत, की मोशे समुद्राच्या अलीकडे असताना आई पहिली चपाती लाटायला घ्यायची, आणि ती फुगेपर्यंत सगळे इस्राएल लोक पलीकडे पोहोचलेले असायचे. वाचलेल्या वचनाचं पुढं काही करायचंही असतं, हे मला सव्विसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ते मला कोल्हापुरात कळलं, आणि चांगलंच कळलं.

सासरे उद्यमनगरातल्या एका कारखान्यात उभी हयात टर्नर होते. लेथवर लोखंड कातणाऱ्या माणसाचा एक धर्म असतो. हातातला जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, ड्रॉइंगमधल्या मापांप्रमाणे उतरला, तपासून पास झाला, की मगच पुढचा हातात घ्यायचा. हाच नियम त्यांनी पवित्र शास्त्राला लावला. पहाटे साडेपाचला आंघोळ करून, भांग पाडून ते टेबलाशी बसणार, वचन मोठ्यानं वाचणार, आणि त्यात काही करायला सांगितलेलं असेल तर ते केल्याशिवाय पुढच्या वचनाकडे ढुंकूनही बघणार नाहीत. केलं, की समासात पेन्सिलीची बारीक खूण आणि "जॉब पास" असा पुकारा. त्यातून ते वर्तमानपत्र जसं शेवटच्या पानावरच्या कुस्त्यांपासून वाचायला घेतात, तसा नवा करारही शेवटच्या पुस्तकाकडून पहिल्याकडे वाचत आलेले. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "शेवट गोड हाय का ते आदी बगून घ्यावं. मग मदी कितीबी तरास हुंदे."

या वाचनाचा पहिला फटका बसला तो सासूबाईंना. तेव्हा जुन्या करारातली नीतिसूत्रं चालू होती. त्या दोघांच्या लग्नाला पंधरा दिवस झाले नाहीत तोवर आळशी माणसानं मुंगीकडे जाऊन शहाणपण शिकावं, हे वचन आलं. आपण आळशी नाही हे सासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, पण उगीच शंका कशाला ठेवा, म्हणून रविवारचा अख्खा दिवस ते न्हाणीच्या भिंतीशी पाट टाकून मुंग्या बघत बसले. "माजा भाऊ मला माहेराला न्ह्यायला आलता," सासूबाई अजून सांगतात. "दाजी काय करत्यात म्हणून इचारलं त्यानं. काय सांगणार? म्हटलं, कामावर हाईत." पुढं याकोबाच्या पत्रात माणसानं ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावं असं निघालं. तेव्हापासून ते कुणालाही उत्तर देण्याआधी मनात वीस आकडे मोजतात. कोपऱ्यावरचा किराणावाला दुकानात नवा आला होता तेव्हा त्यांना बहिरं समजून तीन महिने खाणाखुणा करून बोलत होता. मग इब्री लोकांस पत्र आलं. परक्यांचा पाहुणचार करा, काहींनी नकळत देवदूतांचाच केला, असं त्यात सांगितलेलं. सासरे तडक एसटी स्टँडवर गेले आणि निपाणीकडचा एक अनोळखी माणूस "चला पावणं" म्हणून घरी घेऊन आले. देवदूत तीन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं पांढरा रस्सा जरा पातळ झाल्याचं सांगितलं आणि जाताना सासऱ्यांची छत्री नेली. "देवदूताला छत्री कशाला लागतीया?" असं सासूबाईंनी विचारल्यावर वीस आकडे मोजून उत्तर आलं, "नकळत असं लिवलंय की. कळाय कसं पायजे?"

तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय. सासरे जन्माचे निर्व्यसनी, आणि पोट असं की दगड घातला तरी पीठ व्हावं. वचन लागू व्हायला आधी तक्रार हवी. म्हणून ते दोन महिने पोट दुखायची वाट बघत थांबले. शेवटी सासूबाईंनीच कंटाळून एका रात्री कच्ची केळी उकडून घातली, पोट दुखलं, आणि सकाळी मनुका उकळून त्यांचं पाणी द्राक्षारस म्हणून चमच्यानं पाजलं. रोमकरांस पत्राच्या शेवटी मंडळीनं एकमेकांना पवित्र चुंबन द्यावं असं आहे. तो रविवार आमच्या चर्चमध्ये अजून विसरलेले नाहीत. पैलवानी मिशांचा, सहा फुटी माणूस उपासनेनंतर दाराशी उभा राहिलेला, आणि पाळकसाहेब मागच्या खिडकीतून बाहेर पडलेले.

हे सगळं मी ऐकीव सांगते, कारण मी घरात आले ती लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात. तिथं आलंय, की तू जेवण घालशील तेव्हा मित्रांना, भावांना, नातलगांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, गरीब, पांगळे, लंगडे, आंधळे यांना बोलाव. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासरे या वचनाशी येऊन पोहोचले होते. झालं. पाळकसाहेबांनी परोपरीनं समजावलं, की परतफेडीच्या आशेनं जेवण घालू नये एवढाच त्याचा अर्थ. "तसं ड्रॉइंगमदी न्हाय, सायेब," एवढंच उत्तर. माझ्या लग्नाच्या पंगतीला अंधशाळेतली मुलं होती, कुबड्यांवरची माणसं होती, गावभर भीक मागणाऱ्या दोन म्हाताऱ्या नवी लुगडी नेसून मांडवात पहिल्या रांगेला बसल्या होत्या. खोटं कशाला बोलू, तसं जेवण मी पुन्हा पाहिलं नाही. सासरे स्वतः वाढत होते आणि आंधळ्या पोरांना हाताला धरून जिलबी कुठं आहे ते दाखवत होते. नातेवाईक सासूबाईंनी चोरून फोन करून बोलावले, तेही सगळे आले. एक आले नाहीत, गारगोटीचे आण्णा.

आण्णा म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यावर सातवीतनं शाळा सोडून ज्यांनी धाकट्याला शिकवलं, आयटीआयला घातलं, ते आण्णा. त्यांनी सासूबाईंना फोनवर सांगितलं, "त्यानं सोताच्या तोंडानं बोलवलं तर येतो. न्हाईतर न्हाय." आणि सासरे म्हणत राहिले, "आण्णाला कसं बोलवू? भाऊ हा शबूद सरळ लिवलाय तितं." त्या दिवसापासून दोन घरांत ये-जा नाही, बोलणं नाही, सुखदुःखाचा निरोप नाही. लूक संपला, मार्क संपला. वाटेत क्षमेची वचनं येत गेली, आणि हा सरळ माणूस तेवढ्या ठिकाणी मात्र वकील झाला. भावानं पश्चात्ताप केला तर क्षमा कर? आण्णानं कुठं केलाय! प्रार्थनेला उभा राहशील तेव्हा क्षमा कर? केली की मनातल्या मनात! समासात खुणा पडत गेल्या.

मग आला मत्तयाचा पाचवा अध्याय. तू वेदीपुढं अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. इथं पळवाट नव्हती. राग कुणाच्या मनात आहे हे स्वच्छ सांगितलेलं, आणि कुणी जायचं तेही. चार वर्षं आमच्या घरात रोज पहाटे सगळ्यांना टेबलाशी बसवून ही दोनच वचनं वाचली गेली. वाचायचे, चष्मा काढायचे, "आज बी न्हाय," म्हणायचे आणि पुस्तक मिटायचे. माझी मुलगी संडेस्कूलमध्ये पाठांतराला दरवर्षी हीच दोन वचनं म्हणायची. बाईंनी दुसरं काही म्हण म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्या बायबलमध्ये एवढंच आहे."

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी ज्यानं त्यानं परसातलं, शेतातलं पीक वेदीपुढं आणून ठेवायचं असतं. सासरे केळीचा घड खांद्यावर घेऊन यायचे, वेदीपुढं ठेवायचे, तिथं त्यांना आण्णा आठवायचे, आणि वचनाबरहुकूम घड तिथंच ठेवून ते थेट एसटी स्टँड गाठायचे. गारगोटीच्या गाडीपर्यंत जायचे आणि घरी परत यायचे. तीन वर्षं असंच झालं. या वर्षी ते उठून चालू लागले तेव्हा मीही उठले. रागच आला होता मला. भांडण माझ्या लग्नावरनं, आणि ते मिटायची वाट बघत चार वर्षं पहाटे उठून बसायचं मी!

स्टँडवर ते बाकावर बसले होते. एक गाडी सोडली, म्हणाले गर्दी आहे. दुसरी निम्मी रिकामी होती, तर तिच्या खिडकीला काच नव्हती. मी म्हटलं, "पप्पा, तिसरीला ड्रायव्हरच्या मिशा पसंत पडणार नाहीत का?" वीस आकडे होऊन गेले, चाळीसही झाले असतील.

"आण्णानं दार लावलं तर?"

"तर परत येऊ. वचनात जा म्हटलंय. दार उघडतील असं कुठं म्हटलंय?"

त्यांना हे पटलं. पण उठेनात. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मी चुकलं म्हणून सांगितलं, तर वचन चुकलं असं हुतंय की गं." माझा राग तिथंच विरला. हा माणूस अहंकारानं अडलेला नव्हता. आयुष्यभर ज्याच्या बरहुकूम हात चालवला, ते ड्रॉइंगच खोटं ठरेल याची त्याला भीती होती. मी त्यांचा हात धरला आणि तिसऱ्या गाडीत चढवलं.

गारगोटीला आण्णा सोप्यात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. अंगावर गुडघ्यापर्यंत चादर होती. आमच्याकडे एकवार बघून त्यांनी घरात हाक दिली, "अगं, कोण पावणं आल्यात बघ."

मी वाकून नमस्कार केला आणि सून म्हणून सांगितलं. "असंल," ते म्हणाले, "आमाला काय ठावं? लग्नाला न्हवतो आमी." आणि शेंगांचं सूप बाजूला ठेवण्यासाठी ते सरकले, तशी चादर घसरली. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. सासरे दारातच थिजले. आम्हाला कुणीही कळवलं नव्हतं. आण्णांनीच सगळ्यांना बजावलं होतं.

"बगतोस काय?" आण्णा म्हणाले. "शुगरनं न्हेला, दोन वर्सं झाली. आता मला जेवाय बोलवाय हरकत न्हाय तुला. लंगडा हाय की मी. बसतोय तुज्या वचनात."

आतून पाणी घेऊन आलेल्या काकू "अवं!" एवढंच म्हणाल्या. सासऱ्यांचे ओठ हलत होते. आकडे मोजत होते की काय कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे सांगायला वचन नव्हतं. ते पुढं आले आणि बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले, एवढा मोठा माणूस.

"चुकलं, आण्णा."

"काय चुकलं? वचन का तू?"

"वचन बरूबर हाय. मी वाचलं चुकीचं." मग नाक पुसून म्हणाले, "येत्या ऐतवारी जेवाय यायचं घरला. मी न्ह्यायला येतो."

आण्णांनी चादर पुन्हा गुडघ्यावर ओढून घेतली. "लंगडा म्हणून बोलावतोस, का भाऊ म्हणून?"

या वेळी एकही आकडा मोजला गेला नाही. "भाऊ म्हणून."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय रं, बारक्या," असं म्हणून आण्णांनी सूप त्यांच्या मांडीवर ठेवलं. दोघं खाली मान घालून शेंगा फोडत बसले, आणि दोघांच्याही डोळ्यांतलं पाणी सुपात पडताना मी आणि काकू बघत राहिलो.

आण्णा त्या रविवारी आले. आता महिन्यातून एकदा येतात, मटणाला मीठ कमी पडलं म्हणून भांडतात आणि माझ्या मुलीला जुन्या कुस्त्यांच्या थापा मारतात. मत्तय पुढं सरकला आहे, पण पूर्वीपेक्षाही हळू. कारण आता वचन वाचून झालं की सासरे लगेच उठत नाहीत. चष्म्यावरून आमच्यातल्या एकेकाकडे बघतात आणि विचारतात, "हे मी केलं तर कुणाचं दुखंल काय गं?" बिचारे अगदी मनापासून विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. हा प्रश्न त्यांना नऊ वर्षांपूर्वी सुचला असता, तर माझ्या लग्नाच्या फोटोत आण्णा असते, दोन्ही पायांवर उभे.