बर्फासाठी गाऱ्हाणं

आमच्या लालबागच्या चाळीत गाऱ्हाणं घालायला गंगाधरभावोजीच लागतात. पूजा असो, कुणाचं ऑपरेशन असो, नाहीतर कुणी दुबईला निघालेला असो. खालच्या मारुतीसमोर भावोजी नारळ धरून उभे राहतात, काय हवं ते देवाला सांगतात, आणि मागे जमलेली चाळ प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. तेवढं म्हटलं की मागणं एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. कोकणातून आलेली रीत आहे. माझ्या सुनेला तिची गंमत वाटते. वाटू दे.

भावोजींचा आवाज गिरणीतला, साच्यांच्या खडखडाटावर चढणारा. गिरणी बंद पडली आणि पुढचं आयुष्य हिंदमातेला साडीच्या दुकानात गेलं, पण आवाज तोच. गिऱ्हाइकाला भाव हळू सांगायला जायचे आणि समोरच्या दुकानदाराला ऐकू जायचा. माणूस सरळ, पण हट्टी. किती हट्टी, ते त्यांच्या बायकोला, सुनेत्राला विचारा. प्राची त्यांची उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. माझ्याच ओट्यापाशी वाढली, म्हणून माझाही तिच्यावर हक्क आहे.

ती शिकली आणि गेली कुठे, तर हिमालयात, बर्फ मोजायला. मी म्हटलं, अगं बाई, बर्फ काय मोजायचा? तिने नीट समजावलं. ऊन वाढतंय, डोंगरावरचा जुना बर्फ वितळतोय, आणि दगडमातीच्या बांधामागे त्याची तळी साठताहेत. बांध फुटला की अख्खं तळं खालच्या गावांवर. सरकारने म्हणे त्याचं धोरण केलंय, चांगलं जाडजूड, आणि त्यात प्रत्येक धोक्याच्या तळ्यावर भोंगा बसवायचा असं लिहिलंय. तिच्या तळ्याचा भोंगा आलासुद्धा, पण वर नेऊन बसवायची मंजुरी कुठल्याशा कचेरीत अडकून पडली. भावोजी भडकले. गिरणीच्या भोंग्यावर उठलेला माणूस तो. भोंगाच नाही तर माणसं जागी कशी होणार, हेच दिवसभर विचारत फिरत होते.

यंदा वैशाखात चाळीची पूजा होती आणि नेमका तेव्हाच तिकडे अवेळी बर्फ पडला. वाट बंद, प्राची छावणीत अडकली. शिधा संपत आलाय एवढं कळलं आणि फोन लागेना. सुनेत्राने अन्न टाकलं. इथे अंगाची नुसती काहिली होत होती, आणि ही बाई शाल घेऊन बसलेली. भावोजींनी नारळ घेतला आणि असं गाऱ्हाणं घातलं की परळपर्यंत ऐकू गेलं असेल: “बा देवा म्हाराजा, आमचा चेडू प्राची थंय बर्फात अडाकला हा. थंय ऊन पाड, बर्फ वितळव, त्याची वाट मोकळी कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” चाळ गरजली. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आम्ही कोकणातली माणसं. बर्फ आम्हाला गोळ्यावर सरबत घालून खायचा तेवढा माहीत.

आणि तसंच झालं. दोन-तीन दिवसांत प्राचीचा फोन आला, कडक ऊन पडलंय, वाट मोकळी झाली. भावोजींनी पेढे वाटले. ऐटीत फोन स्पीकरवर टाकून त्यांनी तिला गाऱ्हाण्याचं सांगितलं. पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, असं पुन्हा मागू नका. ऊन लागलं की तळं चढतं, आणि आत्ता ते रोज चढतंय. बांधातून पाणी झिरपायला लागलंय.

सुनेत्राने फोन ओढून घेतला. वाट मोकळी आहे ना, मग आजच खाली ये, म्हणाली.

“आई, इथे भोंगा नाही. तळ्यावर नजर ठेवून खालच्या गावाला फोन करायला मी एकटीच उरलेय.”

त्यानंतर भावोजींचा आवाज बसला. खरंच बसला. दारोदार फिरून हलक्या आवाजात सांगत होते, खाली या, पुन्हा गाऱ्हाणं घालायचंय. काही पोरं हसली. वैशाखात थंडी मागायची म्हणे. मी त्यांना अशी झापली की मुकाट्याने जिना उतरली. पण खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. मागितलेलं परत घेता येतं का, हे आमच्यात कुणी कुणाला सांगून ठेवलेलं नाही.

मारुतीसमोर सगळे जमले. भावोजींनी नारळ हातात धरला. मग सुरुवात केली. थंय थंडी पाड, बर्फ आसा थंयच रवांदे. आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, पण चाचरत, एकेकाने. आता शेवटचं मागणं उरलं होतं. सुनेत्रा पदर तोंडाशी धरून त्याचीच वाट बघत होती, पोरीला खाली आण, एवढंच. आम्हीही सगळे त्यासाठीच उभे होतो.

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“आणि माझ्या चेडवाक आसा थंयच ठेव. तळ्याकाठी, जागां ठेव रे म्हाराजा.”

याला ‘व्हय म्हाराजा’ कुणीच म्हटलं नाही. माझी जीभ कधी अडखळत नाही, तीही टाळ्याला चिकटली. असं कसं मागतो बाप, असंच प्रत्येकाच्या मनात आलं असणार. नारळ भावोजींच्या हातात तसाच राहिला. होकाराशिवाय तो फोडता येत नाही.

मग सुनेत्रा एकटीच म्हणाली, “व्हय म्हाराजा.”