रक्त पातळ करणारी गोळी

औषधाच्या दुकानात पंधरा वर्षं उभं राहिलं की किस्से आपोआप साचतात. गिऱ्हाइकांच्या फजितीचे मी चवीनं सांगतो. हे मात्र माझ्या स्वतःच्या फजितीचे, म्हणून आजवर तोंडातून निघाले नाहीत. लाज वाटते, दुसरं काय!

नव्वदनंतर कधीतरी रामनगरच्या माझ्या दुकानात कोलेस्टेरॉलची गोळी पहिल्यांदा आली. ती काय करते, मला धड ठाऊक नव्हतं. पण गिऱ्हाइकानं विचारलं आणि मी ठोकून दिलं, "रक्त पातळ करते. एकदम पाण्यासारखं!" तो इतका खूश झाला की पुढं मलाही ते खरंच वाटायला लागलं.

*

आमच्या शेजारच्या किराणावाल्यानं एकदा विचारलं, "रविवारी मटण हाय. गोळ्या दोन घेऊ काय?"

"घ्या की!" मी म्हणालो. काय बोलायचं आता!

*

गुंद गावचा एक शेतकरी आपली गोळी भावाबरोबर निम्मी निम्मी खायचा. मी हटकलं तर म्हणाला, "आमचं रक्त एकच न्हवं का!" सगळं दुकान हसलं. मीही हसलो, आणि त्याला गोळ्या कापून दिल्या!

*

दर गुरुवारी बेळगावहून डॉक्टर यायचे आणि दुकानामागच्या खोलीत पेशंट बघायचे. गोळीवरचं माझं व्याख्यान एकदा त्यांच्या कानावर पडलं. "तू फक्त औषधं दे रे बाबा!" एवढंच म्हणाले. मी आठवडाभर फुगून बसलो. गावात मला लोक 'डाक्टर' म्हणायचे ना!

*

कॅसलरॉकच्या पुंडलिकअण्णांना पोटाचा कॅन्सर झाला होता. कोलेस्टेरॉलची गोळी त्यांना आधीपासूनच चालू होती. एका सोमवारी त्यांची बायको दुकानात आली. मी तिला आक्का म्हणायचो.

"एकच पाय सुजलाय वो. पोटरी लई दुखत्या."

"झोपून झोपून सुजलाय, आक्का. तेल गरम करून रोज जोरात चोळा."

गुरुवारी मी डॉक्टरांना हे सहज सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं! डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. "कॅन्सरमध्ये पायात रक्ताची गुठळी होते! चोळली तर सुटून फुफ्फुसात जाईल. माणूस जागेवर मरेल!"

"पण त्यांना रक्त पातळ करायची गोळी..."

"ती चरबी कमी करायची गोळी आहे, गाढवा! आजच्या आज निरोप धाड."

मी "हो" म्हणालो. कॅसलरॉकचं कोणी ना कोणी रोज दुकानात यायचं. पण निरोप धाडायचा म्हणजे मी चुकलो हे सांगायचं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. कॅसलरॉकची गिऱ्हाइकं औषधं घेऊन गेली, निरोप माझ्याकडेच राहिला. मी इतका भेकड आहे हे तेव्हा कळलं.

रविवारी बाजारामुळं दुकान गच्च भरलेलं. आक्का आली आणि तिनं सगळ्यांसमोर हात जोडले.

"माफ करा वो. तुमचं ऐकलं न्हाई. त्याच सांजेला भावकीतलं चार दिसांमागलं मरण कळलं, सुतक पडलं. सुतकात आमच्यात तेल लावत न्हाईत. पाय तसाच हाय. आज फिटलं सुतक. आता चोळू न्हवं?"

"नको!" मी ओरडलो. "हात लावू नका! आत्ताच्या आत्ता गाडी करून बेळगावला न्या!"

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं.

आक्का म्हणाली, "का वो? तुम्हीच न्हवं का सांगितलासा?"