कळलं ना?

आमच्या मुलुंडच्या क्लासने शाखा बंद करायचं ठरवलं आणि दहावीच्या गणिताचा कोर्स ऑनलाइन काढला. शिक्षक दोन, जागा एक. एक मी आणि दुसरे एक तरुण सर, जे कॅमेऱ्यापुढे बातम्या दिल्यासारखे घडाघडा बोलायचे. दोघांनी खऱ्या मुलांसमोर चाचणीचा तास घ्यायचा, संचालक कॅमेरा बंद ठेवून ऐकणार. ज्याचा तास बरा त्याचा कोर्स, दुसऱ्याने घरी बसायचं. मला घरी बसवलं तर मी दिवसभर भांडी आपटत बसेन, दुसरं काय!

तयारीला लागले. मोबाइल डब्यांच्या उतरंडीवर टेकवला. खाली रस्ता खणत होते म्हणून खिडकी बंद, आवाज येतो म्हणून पंखाही बंद. विद्यार्थिनी म्हणून घाटकोपरच्या धाकट्या बहिणीला कॉलवर बसवलं. गणिताचं नाव काढलं की तिला घाम फुटतो, म्हणून मुद्दाम तीच.

"पलीकडचा अधिक पाच अलीकडे आणला की वजा पाच. बाजू बदलली की चिन्ह बदलतं. कळलं ना?"

"हो."

प्रत्येक वेळी हो. शेवटी एक गणित घातलं, तर बाईसाहेबांची पार वाट लागली. माझं डोकंच फिरलं.

"मग मघापासून हो हो काय करत होतीस गं?"

"तू 'कळलं ना' म्हटल्यावर नाही म्हणायची कोणाची टाप आहे, ताई? त्या 'ना'नेच तू हो वदवून घेतेस."

"वर्गात चालतं ते!"

"वर्गात तुला तोंडं दिसतात यार. इथे काय दिसणार, डोंबल?"

खरं होतं. वर्गात 'हो मॅडम'कडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. कोणाच्या कपाळाला आठी पडली, कोण पेनाचं टोपण चावतंय, ते बघून मी मागे फिरायचे. इथे मुलांचे कॅमेरे बंद, नुसते काळे चौकोन. 'कुठे अडलं?' असं विचारायचं मी घोकायला लागले. घरातही नवऱ्याला "दूध आणलंस ना?" म्हणताना जीभ चावायचे. तो बिचारा घाबरून माझ्याकडे बघत राहायचा.

चाचणीच्या तासाला सगळं नीट चाललं होतं आणि घाईत तोंडून गेलंच, "कळलं ना?"

भराभर उत्तरं आली. यस मॅम, यस मॅम. पुढे जायला काहीच हरकत नव्हती. पोर्शन मोठा होता, संचालक ऐकत होते. पण मला बहिणीचा तो 'हो' आठवला.

"थांबा," मी म्हटलं. "कुठे अडलं ते लिहा."

कोणी काही लिहीना. मेले आता, वाटलं. मग एका मुलीने लिहिलं, "मॅम, पण चिन्ह का बदलतं?" लगेच दुसरा, "मला पण." मग रांगच लागली.

मी सगळं पुसलं आणि तराजू काढला. दोन्ही पारड्यांतून पाच पाच उचलले. "पाच कुठे पळत नाही रे, दोन्हीकडून सारखंच काढायचं असतं!" मुलांचे 'अच्छा' येऊ लागले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! पोर्शन मात्र निम्मा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांचा फोन आला. आवाज अगदी मधाळ.

"मॅडम, तास छान झाला. पण पोर्शन राहिला ना. सरांचा वेळेत संपला, आणि कळलं ना विचारल्यावर सगळी मुलं यस म्हणाली. म्हणून कोर्स त्यांना देतोय. इतकी वर्षं आपण एकत्र आहोत, तुम्ही समजून घ्याल ना?"

'हो' अगदी ओठांवर आला होता. डोळे भरले आणि त्याच दमात संतापही उसळला.

"नाही सर," मी म्हटलं. "नाही कळलं. पहिल्यापासून सांगा."