आईला शिकवायचं गणित

सक्करदऱ्यात माझ्या घरी दहावीच्या गणिताची ट्यूशन चालते. फळ्यावर गणित सोडवून "समजलं का?" विचारलं की सगळी पोरं एका सुरात "हाव मॅडम!" म्हणतात. हा "हाव" कानावर आला की माझं डोकंच सणकतं. ज्याला काही कळलेलं नसतं, त्याचाच आवाज सगळ्यात मोठा.

मागे एका वर्षी हा मोठा आवाज एका पोरीचा होता. मेहनती इतकी की सोडवलेली गणितं आकड्यांसकट पाठ करायची. एकदा मी आयताची लांबी बदलून गणित दिलं, तर हिचं उत्तर पुस्तकातलंच! सहामाहीत गणितात नापास झाली. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं आणि वडिलांनी सांगून टाकलं होतं, दहावीला गणित गेलं तर शिकणं बंद. पोर माझ्यासमोर ढसाढसा रडली. मलाही भरून आलं, पण रडून काय वर्गसमीकरण सुटतं?

"उद्यापासून इथलं गणित घरी जाऊन आईला शिकवायचं," मी म्हटलं. "आईला समजलं की मगच पुढचं."

दुसऱ्याच दिवशी आई दारात हजर. घरी ब्लाउज शिवणारी बाई, सातवीत शाळा सुटलेली.

"मॅडम, फी बी आम्हीच द्यायची अन् शिकायचं बी मीच? मले काहून तरास देऊन राहिल्या?"

"पोरीसाठीच. नाही कळलं तर नुसतं काहून विचारा. उगाच हाव म्हणू नका."

बाप्पा! त्या बाईनं माझं बोलणं फारच मनावर घेतलं. ही संख्या तिकडे गेली, काहून? चिन्ह बदललं, काहून? पोरगी माझ्याकडे येऊन तणतणायची, "माय डोकं खाऊन राहिली, मॅडम! मले सांगताच येत नाही." मला मनातून बरं वाटायचं. आपल्याला सांगता येत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. मग तीच मला खोदून खोदून विचारायला लागली, कारण घरी गेल्यावर आईपुढे बसायचं होतं. तिचा तो "हाव" हळूहळू बंदच झाला.

बोर्डात गणित चांगलं सुटलं. अमरावतीच्या पॉलिटेक्निकला नंबर लागला, वडीलच होस्टेलवर सोडून आले. त्यानंतर एका संध्याकाळी नव्या बॅचची पोरं बसली असताना आई संत्राबर्फी घेऊन आली. मी पोरीचं तोंडभरून कौतुक केलं, तर ही पदर डोळ्याला लावून उभी.

"अहो, आता काहून रडता?"

"पोरगी तर गेली न पुढं," ती म्हणाली. "माह्यं वर्तुळ अर्धंच राहिलं, मॅडम. आता मले कोण सांगन?"

नापास झाल्यावर रडणारी पोरं मी ढिगानं पाहिली आहेत. शिकणं थांबलं म्हणून कोणी रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सरका रे जरा," मी पोरांवरच ओरडले, आणि तिला सतरंजीवर बसवलं.